मिलिंद राजाला घातलेली अट

डायरेक्टरांच्या केबिनबाहेर आम्ही दोघी बसलो होतो आणि उझमाचा हात माझ्या हातात गारठून गेला होता. बारा वाजता चौकशी कमिटी बसणार होती. त्याआधी दत्तात्रय सरांना ‘आपल्या माणसांशी’ बोलायचं होतं. बोलावणं उझमालाच होतं, मी आपणहून तिच्याबरोबर आले होते. आपली माणसं! हे दोन शब्द ऐकले की हल्ली मी आधी सावध होते.

आपली माणसं कोण, तर सर पुण्याचे, रियाधमधल्या आमच्या हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर. उझमा दापोलीची, वॉर्डातली नर्स, येऊन जेमतेम सात महिने झालेले. आणि मी सुखदा निकाळजे, औरंगाबादची, नऊ वर्षं इथल्या फार्मसीत. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

घडलं ते असं. अल खर्जच्या एका म्हाताऱ्या पेशंटला रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करायचं होतं. त्याच्या किडन्या थकलेल्या, आणि अशा माणसाला ते दिवसातून एकदाच देतात. सरांनी फोनवरून सांगितलं, “अगं उझमा, ऐंशीचं दे, सकाळ-संध्याकाळ.” नियम असा की फोनवरची ऑर्डर नर्सने परत वाचून दाखवायची, डॉक्टरने हो म्हणायचं, मगच लिहायची. फोनवर दुसरा कुठला डॉक्टर असता तर उझमाने घडाघडा वाचून दाखवली असती. पण हे आपलेच सर, आपल्याच भाषेत बोलतायत, त्यांना उलट काय विचारायचं? केवढा आगाऊपणा दिसेल! “हो सर” म्हणून मोकळी झाली बाई.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला. चार बाटल्या रक्त चढवलं, आयसीयूत हलवलं, वाचला कसाबसा. आता सर म्हणत होते, मी एकदाच द्यायला सांगितलं होतं. वाचून दाखवल्याची नोंद नाही, म्हणजे उझमाकडे पुरावाच नाही. नोकरी जाईल ते सोडा, लायसन्सवर डाग पडला की अख्ख्या आखातात तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

आणि मी त्या वेळी वॉर्डातच औषधांची ट्रॉली तपासत होते. फोन स्पीकरवर होता. ‘सकाळ-संध्याकाळ’ मी या कानांनी ऐकलं होतं.

“ताई, तुम्ही सांगाल ना?” उझमाने दहाव्यांदा विचारलं.

“सांगणार म्हणजे सांगणार.”

“तुमच्याकडे किडनीचा रिपोर्ट आला असता तर...”

“पाहिला असता तर थांबवलं नसतं का गं मी?” मी म्हणाले. “रडू नकोस आता.”

तोंडाने म्हणाले खरी, पण माझीही पाचावर धारण बसली होती. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि पुढची सही सरांचीच होती. ‘मोकळेपणाने बोला’ असं सर म्हणाले म्हणून आमच्या फार्मसीतला विपुल भर मीटिंगमध्ये ड्युट्यांबद्दल मोकळेपणाने बोलला, आणि महिन्याभरात नोकरी गमावून नागपूरला घरी पोचला.

आत एचआरचे सिराजुद्दीनभाई बसले होते. समोर उझमाचा कबुलीजबाब, टाइप केलेला, नुसती सही बाकी. आधीच! माझं डोकंच फिरलं.

“या, या. मोकळेपणाने बोला हं,” सर म्हणाले. मग मला पाहून थांबले. “तुम्ही कशा इथे?”

“मी त्या दिवशी वॉर्डात होते, सर. पण बोलायच्या आधी एक विचारते. मंडळात मी मिनँडर राजावर बोलले होते, आठवतंय?”

दोन महिन्यांपूर्वी मराठी मंडळाची मंडळी कुणाच्या तरी व्हिलात जमली होती, तिथे मी पंधरा मिनिटं बोलले होते. आमचे आप्पा इतिहासाचे मास्तर. त्या ग्रीक राजाला आपल्याकडे मिलिंद म्हणतात, म्हणून त्यांनी माझ्या भावाचं नाव मिलिंद ठेवलं. आमच्या घरात तो राजा नात्यातलाच. सागल नगरीचा हा राजा मोठा वादपटू, भल्याभल्यांना प्रश्न विचारून गप्प करायचा. शेवटी नागसेन नावाचा बौद्ध भिक्खू त्याच्यापुढे बसला आणि त्याने आधी अटच घातली, अशी आख्यायिका आहे. पंडित म्हणून बोलणार असशील तर बोलतो. पंडित वादात हरला तरी चिडत नाही, चूक झाली तर झाली म्हणतो. राजा म्हणून बोलणार असशील तर नको, राजाला पटलं नाही की तो शिक्षा करतो. आणि राजाने ते कबूल केलं! पुढे तो बुद्धाच्या मार्गाला लागला म्हणतात. तेव्हा सर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत म्हणाले होते, “वा! राजा असावा तर असा!”

“आठवतंय की,” सर हसले. “त्याचं इथे काय?”

“अट आठवते ना, सर? मग तुम्ही आत्ता डॉक्टर म्हणून विचारणार, की डायरेक्टर म्हणून?”

सिराजुद्दीनभाईंनी मान खाली घातली. सरांचं हसू गेलं.

“निकाळजे, तुम्ही कुणाशी बोलताय?”

“तेच विचारतेय, सर.”

सर उठून खिडकीशी गेले. खाली मलाझ भागातल्या रस्त्यावर कुणी तरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. आता हे पाठमोरेच ‘जा’ म्हणणार, असं मला वाटायला लागलं.

“डॉक्टर म्हणून,” ते वळून म्हणाले. “सिराजुद्दीनभाई, तो कागद बाजूला ठेवा.”

मग मी सांगितलं. दिवस, वेळ, स्पीकर, शब्दन् शब्द. सरांनी चष्मा काढला, बराच वेळ डोळे चोळले.

“त्या तासाभरात मी सहा ऑर्डरी दिल्या,” ते हळूच म्हणाले. “म्हणालो असेन. नाही... म्हणालो. सकाळ-संध्याकाळच म्हणालो. गेले चार दिवस मला ते माहीत आहे.”

उझमा हुंदके देऊन रडायला लागली. जिंकले बाई, मला वाटलं! आप्पांना आजच फोन करायचा, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

“आता माझा प्रश्न,” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. “तोही डॉक्टर म्हणूनच. ते इंजेक्शन फार्मसीतून तुमच्या सहीने गेलं. किडनीचा रिपोर्ट तुमच्या स्क्रीनवर होता. तुम्ही पाहिला होता का?”

नाही म्हणता आलं असतं. सिस्टीम बंद होती म्हणता आलं असतं, ती नेहमीच बंद असते. पण पंडितासारखं बोलू या असं म्हणणारी मीच होते ना? सरांनी चूक कबूल केली होती, आणि माझं मिनँडरवरचं भाषण त्यांनी माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं.

“पाहिला होता.”

“मग मला फोन का नाही केलात?”

“त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही चारचौघांत म्हणालात, फार्मसीच्या खिडकीत बसून आम्हाला डॉक्टरकी शिकवू नका. मला परत ऐकून घ्यायचं नव्हतं. मी घाबरले, सर. म्हातारा मेला असता.”

सरांनी कोरा फॉर्म ओढला. कारणांच्या रकान्यात पहिलं स्वतःचं नाव लिहिलं, दुसरं माझं. उझमाच्या नावापुढे एवढंच लिहिलं, की ऑर्डर वाचून दाखवली नाही. “कमिटीपुढे हेच सांगायचं. मार्चचं मी काही सांगू शकत नाही,” ते म्हणाले. मी हो म्हणाले.

उझमाचा हात मी अजून धरला होता. तिने तो सावकाश काढून घेतला.

“ताई,” ती म्हणाली, “चार दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून मला धीर देताय. मघाशी बाहेरसुद्धा म्हणालात, पाहिलाच नव्हता.”

मला तिच्याकडे बघवेना. पण बघितलं.

“खोटं बोलले मी, उझमा,” मी म्हणाले.