लीटियाचा डावा कान

तीन वर्षांच्या लीटियाचा डावा कान ती रांगत होती तेव्हापासून वाहत होता. दर वेळी दवाखान्यातून नुसते थेंब मिळायचे. उत्तरेकडच्या त्या इनुइट गावात निम्म्या पोरांचे कान वाहायचे, त्यामुळे वरच्या साहेबांनी कानाडोळा केला तरी चालून जायचं. पण एका सकाळी कानामागे लालभडक सूज आली, कान पुढे ढकलला गेला आणि पोरगी तापाने फणफणली. तिची आई उलायू तिला उचलून दवाखान्यात धावली.

"पू हाडात उतरलाय," नर्स ग्वेन म्हणाली. "आजच दक्षिणेला, शहरात न्यायला हवं."

तिने इंजेक्शन टोचलं आणि फोन लावला. मुलांच्या कानाचा डॉक्टर वर्षातून एकदा इथे यायचा. यंदा तोही फिरकला नव्हता. शहरातल्या इस्पितळात खाट नाही, रुग्णांचं विमान परवा बघू, असं उत्तर आलं.

गावात विमान नव्हतं असं नाही. आरोग्य खात्याचे हॅडली साहेब फोटोवाल्यासकट त्याच सकाळी उतरले होते. सभागृहात त्यांनी गोठलेल्या माशाकडे बघून नाक मुरडलं, गरम बॅनक रोटी मात्र चापली. मग 'आम्ही तुमचं ऐकायला आलोय' म्हणत तासभर स्वतःच बोलले. उलायू लेकीला कडेवर घेऊन थेट पुढे गेली.

"नाव काय गं तुझं?" साहेबांनी विचारलं. लीटिया गप्प. "लाजते वाटतं!"

"लाजत नाही. या बाजूने ऐकू येत नाही तिला. तुमच्या विमानात जागा द्या."

"बाई, त्याची एक पद्धत असते. डॉक्टरच कमी आहेत. मी जातीनं लक्ष घालतो."

"पोरीच्या कानात पू आहे. तुमच्या कानात काय, बोळे?"

लोक खदखदून हसले. साहेबही हसले, फोटो चालू होते ना.

उलायू वाद घालत बसली नाही. ग्वेनला घेऊन ती धावपट्टीवर गेली. वैमानिकाने पोरीचा कान पाहिला आणि मुकाट्याने दार उघडलं.

मागून धापा टाकत साहेब आले. "अहो, ही माझी जागा!"

"मग हिच्याऐवजी तुमचा कान कापायला देता का?" ग्वेनने विचारलं.

मायलेकी आत बसल्या, दार बंद झालं आणि विमान उडालं. पाठोपाठ वादळ आलं आणि साहेब गावातच अडकले.

शहरात नसलेली खाट पोरगी इस्पितळाच्या दारात आल्यावर सापडली. तिथल्या एकुलत्या एका, झोपेला मुकलेल्या सर्जनने हाड कोरून पू काढला. "मेंदूच्या तोंडाशी पोचला होता," तो म्हणाला. लीटिया वाचली. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. "पोरगी छान आहे ना?"

"उजव्या कानाने ऐकते," उलायू म्हणाली. "डावा तुमच्या खात्याने खाल्ला."

आणि फोन आपटून ती लेकीला सूप भरवायला बसली.