कॅसोवरी कुठल्या गोतातली

येम्बाने कोयता उगारला तो भीतीने. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे आमच्या खोऱ्यात ज्याने त्याने ही गोष्ट आपल्या सोयीने फिरवली, आणि काही महाभागांनी तर ती शिकारीलाच निघाली होती म्हणून सांगितलं. शिकारीला कसली निघतेय! केळीची पानं आणायला गेली होती बिचारी. दुसऱ्या दिवशी अळू खणायचं होतं, त्याच्या पुढच्या दिवशी जेवण होतं, आणि तापल्या दगडांच्या भट्टीत अंथरायला पानं कमी पडत होती.

परतताना रानाच्या कडेला पिल्लांची शीळ ऐकू आली आणि ती जागीच थिजली. वाटेच्या एका बाजूला अंगावर पट्टे असलेली पिल्लं, दुसऱ्या बाजूला ती. माणसाएवढी उंच, केसांसारखी काळी पिसं, डोक्यावर हाडाचा तुरा, पायाला हातभर वाटावं असं नख. आणि मधोमध येम्बा. रानात तिचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मनातसुद्धा येम्बाने ते घेतलं नाही. "जा गं बाई, जा," एवढंच ती पुटपुटली.

कॅसोवरी गेली नाही. तिने मान खाली घातली, घशातून ढोलासारखा आवाज काढला आणि झेप घेतली. पहिल्या लाथेत पाठीवरची झोळी फाटून पानं वाटेवर पसरली. दुसरी लाथ आली तेव्हा येम्बाने डोळे मिटून कोयता फिरवला. डोळे उघडले तेव्हा कॅसोवरी पाय झाडत पडली होती आणि येम्बाचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पिल्लं शीळ घालत तिच्याभोवतीच घुटमळत होती. येम्बा मट्‌कन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आता एखादं पाखरू मेलं म्हणून आमच्याकडे कुणी रडत बसत नाही. पण कॅसोवरी पाखरांत येत नाही. पोपट पाखरांत, कबुतर पाखरांत, वटवाघूळसुद्धा पाखरांत. बेडूक आणि रानउंदीर एका घरचे. कॅसोवरी ह्या कुणाच्यातच नाही. ती आमची आतेबहीण. बापाच्या बहिणीची लेक, रानात दिलेली. तिला मारायचीच वेळ आली तर पुरुषांनी मारायचं, दंडुक्याने, रक्ताचा थेंब न सांडता. आणि मारणाऱ्याने अमावास्या उलटेपर्यंत अळूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. तिचं रक्त लागलेल्या हाताने अळू खणलं तर कंद आतून सडतो, आणि खाणारा अंथरुणाला खिळतो. येम्बा हे आईच्या दुधाबरोबर शिकली होती.

आणि अळू तर तिलाच खणायचं होतं. दुसऱ्या कुणी खणून चाललंच नसतं.

तिचा नवरा गाराम रानात झाड तोडत असताना ते भलतीकडे कोसळलं आणि नदीपलीकडचा इमिंग त्याखाली सापडून मेला. झाड घसरलं, असं गाराम पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण त्याआधीच दोघांची डुकरावरून चांगली जुंपली होती, सगळ्यांसमोर. मग कोण विश्वास ठेवणार? पलीकडची माणसं धनुष्यं घेऊन दोनदा नदीपर्यंत येऊन गेली होती. शेवटी इमिंगच्या आईने, म्हाताऱ्या सालूमने, जेवायला यायचं कबूल केलं. आमची रीत अशी की ज्याच्या हातून माणूस गेला त्याच्या बायकोने आपल्या वाडीतलं अळू स्वतः खणायचं, स्वतः भाजायचं, आणि पहिला तुकडा मेलेल्याच्या आईच्या हातात द्यायचा. तिने खाल्ला की विषय संपला, पुन्हा कुणी त्याचा उच्चार करायचा नाही. नाही खाल्ला, तर गारामने पुढचं पीक बघायची आशा सोडावी.

येम्बाने ओढ्यात हात घासले, वाळूने घासले, कातडी सोलवटेपर्यंत घासले. मेलेल्या कॅसोवरीवर झावळ्या ओढल्या. घरी आली ती अळूच्या वाडीला मोठा वळसा घालून.

"आलीस? मला वाटलं रानात दुसरा घरोबा केलास," जाऊ डोर्का दारातच होती. "आणि पानं कुठायत?"

"झोळी फाटली."

"झोळी फाटली म्हणून पानं टाकून येतात होय गं? आणि हे कानामागे काय? रक्त?"

"जळू लागली होती," येम्बा म्हणाली आणि पदराआड व्हावं तशी फाटकी झोळी डोक्यावर ओढून आत गेली.

आत गाराम चुलीपाशी बसला होता. इमिंग गेल्यापासून तो नीट आडवा होऊन झोपलाच नव्हता. "सालूम येतेय," तो म्हणाला. "नक्की येतेय, निरोप आलाय. येम्बा, आता तुझ्याच हातात आहे बघ सगळं."

तिने हात पाठीमागे लपवले. सांगावं की नाही? सांगितलं तर जेवण मोडलं, आणि पलीकडची माणसं अमावास्येपर्यंत थोडीच थांबणार आहेत! 'बघा, ऐनवेळी निमित्त काढलं,' म्हणतील आणि येतील बाण घेऊन. नाही सांगितलं तर सालूमच्या पोटात काय जाईल? ज्या बाईचा एक लेक ह्या घरापायी गेला, तिलाच आता आजार वाढून द्यायचा? तेव्हाच येम्बाला शाळेतल्या मास्तरांची आठवण झाली.

पोमात मास्तर बेटावरचे, समुद्राकाठचे. आमच्या पोरांनी वर्गात वटवाघूळ पाखरांत घातलं आणि कॅसोवरी बाहेर काढली, तेव्हा मास्तर पोट धरून हसले होते. ते गावभर झालं होतं. ऊन उतरताना येम्बा शाळेत गेली. मास्तर फळा पुसत होते.

"मास्तर, कॅसोवरी पाखरू आहे का?"

"अरे वा! आता आयाही शाळेत यायला लागल्या की काय?"

"थट्टा नको. आहे का नाही, एवढं सांगा."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. "आहे," ते म्हणाले. "हे बघ वहिनी, झाड उन्हावर आपलं अन्न करतं. जे दुसऱ्याला खाऊन जगतं आणि आपलं आपण हलतं, तो प्राणी, ढोबळ मानाने. त्यात पाठीला कणा असलेले वेगळे आणि नसलेले वेगळे. कणेवाल्यांत ज्याला पिसं आहेत तो पक्षी. मग तो उडो न उडो. कॅसोवरीला पिसं आहेत, अंडी घालते. पक्षीच."

"आणि वटवाघूळ?"

"पिल्लांना दूध पाजतं. ते डुकराच्या आणि आपल्या जवळचं."

"डुकराच्या आणि आपल्या!" येम्बाने कपाळाला हात लावला. "मग कॅसोवरी आमची कुणी लागत नाही?"

"फार फार लांबची लागते. सगळेच लागतात. आणि आणखी ऐक, पिल्लांना घेऊन हिंडतो तो नर असतो. मादी अंडी घालून निघून जाते."

"म्हणजे आतेभाऊ!" ती हसली. "पाखरू मारलं तर अळूला काही होत नाही ना, मास्तर?"

प्रश्न कुठून आला ते मास्तरांच्या ध्यानात आलं असावं. "कोण कुणाच्या घराण्यातलं, एवढं मी सांगू शकतो," ते सावकाश म्हणाले. "अळू सडेल असं मला वाटत नाही. पण कुणी काय खावं ते मला विचारू नकोस. आमच्या कुळात शार्क खात नाहीत."

"का? तो मासा आहे ना?"

"आहे ना मासा. पण मामा आहे आमचा," मास्तर म्हणाले आणि त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

येम्बाने त्यांचं अर्धंच धरलं. बुडत्याला जेवढं हाताला लागलं तेवढं. पिसं आहेत, अंडी घालते, पाखरू आहे. पिसं आहेत, अंडी घालते, पाखरू आहे. हेच घोकत ती सकाळी वाडीत शिरली आणि खणायची काठी जमिनीत घातली. पहिला कंद वर काढला, कोयत्याने उभा चिरला. आत पांढरा शुभ्र. दुसरा चिरला, तोही पांढरा. तिसरा चिरायला गेली तर डोर्का ओरडली, "अगं बये, सगळे चिरूनच ठेवतेस का! भाजायचे काय मग?"

कंद चांगले निघाले म्हणून जिवाला थारा मिळायला हवा होता. पण नाही मिळाला. सड आत्ता दिसत नसेल, पोटात गेल्यावर सुरू होत असेल, असं तिला वाटायला लागलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

जेवणाच्या दिवशी पलीकडची माणसं ओळीने नदी ओलांडून आली. धनुष्यं खांद्याला होती, आणि ती त्यांनी खाली ठेवली नाहीत. सालूम पुढे होती, अंगाला शोकाची पांढरी माती फासलेली. ती गारामकडे पाहतच नव्हती. इतक्या दिवसांत तिने त्याच्या तोंडून काही ऐकूनच घेतलं नव्हतं. निरोप जायचे ते पुरुषांकरवी, आणि ती पाठ फिरवून बसायची. भट्टीवरचे दगड बाजूला झाले, पानं उघडली, वाफ वर आली. डुकराचं मटण कापणाऱ्या माणसानेसुद्धा हात थांबवला होता.

येम्बाने सर्वांत मोठा कंद उचलला, मोडला, आणि अर्धा सालूमच्या हातात दिला. पिसं आहेत, अंडी घालते, पाखरू आहे.

कंद गरम होता. सालूमने तो ह्या हातातून त्या हातात घेतला, तोंडाशी नेला आणि फुंकर घातली. पुन्हा घातली. डोळे मिटून, गाल फुगवून, अगदी कुणीही म्हातारी आपल्या घरात घालील तशी.

"मावशी, नका खाऊ!"

येम्बाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. सालूमचा हात हवेत राहिला. पलीकडच्या एकाने बाण चढवलासुद्धा.

"विष!" तो ओरडला. "विष घातलंय!"

"विष नाही! माझ्या हाताला रक्त आहे. आतेबहिणीचं. पानं आणायला गेले, ती अंगावर आली, मी कोयता मारला. आणि तरीही मीच अळू खणलं."

"अगं गप, गप!" डोर्काने तिचा दंड धरून ओढला. "जीव घेशील आमच्या सगळ्यांचा!"

गाराम उभ्या जागी खांब झाला होता. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता; सगळं संपल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता. नवऱ्याला आपणच मारलं, असं ते पाहून येम्बाला वाटलं.

"ऐका हो," मास्तर पुढे झाले, "तो खरं म्हणजे पक्षी..."

"मास्तर, खाली बसा," सालूम म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मास्तर बसले. मग ती येम्बाकडे वळली. "कुणी पाहिलं होतं तुला मारताना?"

"नाही."

"कुणाला सांगितलं होतंस?"

"नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"मग मी खाल्लं असतं. झालं असतं तुमचं काम. बोललीस कशाला?"

"तुम्ही फुंकर घालत होतात," येम्बा म्हणाली. "मला बघवेना."

सालूमने हातातला कंद पानावर ठेवला आणि बाणवाल्याला म्हणाली, "उतरव तो." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने गारामच्या डोळ्यांत पाहिलं.

"झाड कसं पडलं? मला सांग. त्यांना नाही, मला."

गाराम सांगायला लागला. पावसाने मुळं सुटली होती. घाव घालण्याआधी त्याने हाक दिली होती. खोड उताराकडे जाईल म्हणून तो वरच्या बाजूला होता, आणि ते फिरलं. इमिंग वाटेवर कधी आला ते दिसलं नाही. डुकरावरून आपण वाईट बोललो होतो, हेही त्याने सांगितलं. शेवटी इमिंगने पाणी मागितलं आणि आपण ओंजळीतून आणेपर्यंत तो गेला, हे सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

"पाणी मागितलं होतं?" सालूमने विचारलं.

"हो."

"हे मला कुणी सांगितलं नाही." तिने तोंडावर हात दाबून धरला. खांदे हलत होते. कुणी पुढे गेलं नाही. "मी हे खोटंच धरून चालले होते," ती मग आपल्या माणसांना म्हणाली. "पण ह्या घरात खोटं बोलायचं असतं तर आज बोलले असते. आज तर गप्प राहूनच भागलं असतं."

येम्बाला कुंपणाबाहेर जायला सांगितलं गेलं. अमावास्या उलटेपर्यंत तिला आता रानाच्या बाजूच्या खोपीत राहायचं होतं, आणि तिने खणलेलं सगळं अळू नदीत जायचं होतं. ती निमूट गेली आणि कुंपणाच्या फटीतून पाहत उभी राहिली.

"रताळी आहेत का?" सालूम डोर्काला विचारत होती.

डोर्का धावत गेली. चुलीत काल कुणीतरी विसरलेलं एक रताळं होतं, एका अंगाने करपलेलं. ते तिने गारामच्या हातात दिलं. गारामने ते सालूमपुढे धरलं. सालूमने त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या हातातून ते घेतलं. तिने रताळं सालासकट, सावकाश, शेवटपर्यंत खाल्लं. मग हात झटकले आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाली, "चला, घरी जाऊ."