समोरची कड

मुलीनं स्वतःच पसंत केलेला घड्याळवाला पहिल्यांदा घरी आला, तो थेट एक नाणं घेऊन. मुलीचे वडील जुन्या नाण्यांचे पारखी. सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. त्यांच्या होकारावाचून ही सोयरीक जुळणार नव्हती, आणि होकार द्यायची त्यांना काडीची घाई नव्हती. घड्याळवाल्याच्या हाताशी कायम कानस असते, हे त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं.

नाण्याची एक बाजू उंदरानं कुरतडावी तशी अर्धगोल तुटलेली होती.

“टांकसाळीतलीच चूक आहे, काका. तुम्हाला आवडेल म्हणून आणलं.”

“ते मी ठरवतो.”

काकांनी तुटक्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाणं फिरवून त्यांनी बरोबर समोरची कड भिंगाखाली धरली. टांकसाळीत मुळातली चकतीच तुटकी निघाली, तर नाण्याभोवतीची कड उठवणाऱ्या यंत्रात समोरच्या बाजूलाही पुरता दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. मागाहून नाणं कापणाऱ्या लबाडाला हे ठाऊक नसतं. इथली कड चांगली ठसठशीत होती.

“कापलंय,” काका म्हणाले. खरं तर त्यांना आनंदच झाला होता. “कुणाकडून घेतलंत?”

“बाजारात मिळालं.”

“विकणाऱ्याचं नाव?”

घड्याळवाल्यानं दाराशी उभ्या मुलीकडे पाहिलं.

“नाव कुठून असणार? कानस तुमची, हात तुमचा!”

त्याचे कान लाल झाले. “अरे, सांग ना त्यांना!” मुलगी ओरडली. त्यानं नुसती मान हलवली. पाणी कुठंतरी मुरतंय, याची काकांना आता खात्रीच पटली. ते त्याला दार दाखवणार, तेवढ्यात मुलीनं, त्यानं आधीच तिच्याकडे ठेवायला दिलेलं एक कागदी पाकीट आतून आणून टेबलावर आपटलं.

“नाणं यात होतं, बाबा. ही सही बघून घेतलं त्यानं.”

पाकिटावर लिहिलं होतं: ‘तपासले. टांकसाळीची चूक. अस्सल.’ खाली भिंगकाकांची सही आणि बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धंद्यात नवे होते तेव्हा ते फक्त तुटकी बाजूच बघत. अशी किती पाकिटं सही करून दिली होती, देव जाणे.

मुलीची आई चहा घेऊन बाहेर आली. “काय हो, खोटं निघालं की काय?”

“नाही, काका अजून बघताहेत,” घड्याळवाला घाईनं म्हणाला.

“बघून झालं.” काकांनी भिंग खाली ठेवलं. “नाणं खोटं आहे, आणि त्याला खरं म्हणणारा मी. जावईबापूंना आधी चहा दे.”