ठिणगी ओळखणारे मन्मथअप्पा

ताज्या वार्निशाचा उष्ण, किंचित गोडसर वास आणि त्या वासातून संथपणे वाहणारी कानडी आकड्यांची माळ, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... मन्मथअप्पा म्हटलं की मला आधी हे आठवतं, चेहरा मागाहून येतो. रेणापूरच्या रस्त्याला त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तिच्या जागी नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत भरायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बोलणं सगळं आपल्या लातूरकडच्या मराठीत, पण वेढे मात्र ते कानडीत मोजत. उदगीरकडच्या त्यांच्या आईनं आकडे त्या भाषेत शिकवले होते आणि आईच्या भाषेत मोजलं की चूक होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

अन्वी, तू परवा पाठवलेल्या व्हिडिओमध्ये तुझ्या शाळेच्या प्रदर्शनातली ती उंच कॉइल पाहिली. तिच्या माथ्यावरून सुटणाऱ्या जांभळ्या विजा पाहिल्या आणि खाली तुझा प्रश्न वाचला, की आम्ही दोघं भावंडं अशी घरी बनवू का. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात मला लिहवेना. म्हणून अप्पांविषयी लिहिते आहे.

उन्हाळा हा त्यांचा सुगीचा काळ. चैत्रात विहिरींचं पाणी खोल जाई, विजेचा दाब पडे, मोटरी जळत आणि अप्पांच्या दारात बैलगाडीपासून टेम्पोपर्यंत सगळं उभं राही. पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली उतरत आणि नव्या तांब्यावर पडून आतला काळोख शेंदरी करून टाकत. त्या उजेडात अप्पांचं भस्माचं कपाळ तेवढं स्थिर दिसे. बाकी सगळी बोटं. त्यांची एक लकब होती. वीज सुरू असलेल्या कुठल्याही वस्तूपाशी वाकण्याआधी ते गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या आत सारत, सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावत आणि डावा हात पाठीमागे नेऊन कमरेवर ठेवत. गर्भगृहात शिरणाऱ्या माणसासारखे ते त्या क्षणी बारीक होऊन जात. एका हातातून शिरलेल्या विजेला दुसऱ्या हाताची वाट सापडू नये, कारण त्या वाटेवर काळीज असतं, हे त्यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं.

ते कळलं त्या दिवसाची गोष्ट पौषातली आहे. तुमचे शेषरावआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, यांच्या शेतात हरभरा घाट्यांवर आला होता आणि रानडुकरं वाफेच्या वाफे उकरून जात होती. त्यांनी आधी मोटारसायकलची जुनी कॉइल बॅटरीला जोडून कुंपणाच्या तारेत झटका सोडून पाहिला होता. टिक टिक वाजणारी निळसर ठिणगी उडे, डुक्कर बिचके आणि दोन दिवसांनी पुन्हा येई. मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, मायक्रोवेव्ह ओव्हनातला ट्रान्सफॉर्मर लावा, झटका जोरात बसतो.

तो ओव्हन माझा होता. बिघडल्यावर मीच तो त्यांना देऊन टाकला होता, आणि माझ्या सवयीप्रमाणे माहितीपत्रकही प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चिकटवलं होतं. त्या पत्रकात ठळक इंग्रजीत छापलेलं होतं, की मागचं झाकण कुणीही उघडू नये, प्राण जाऊ शकतो. मी ते वाचलेलं होतं. शेषरावांना इंग्रजी येत नाही, हेही मला ठाऊक होतं. पण मी ते तोंडानं सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी मी शेतात गेले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं गोठ्याशेजारची खोली उघडून दाखवली. फळीवर तो ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर पक्का बसवलेला, तारा एकाच अंतरावर खिळलेल्या, पिन भिंतीतल्या बोर्डात खोचलेली. कुंपणाकडे जाणारं टोक तेवढं जोडायचं राहिलं होतं. “आत्ताच चालू करून बगितलं, वहिनी. गुणगुणून राहिलंय नुसतं.” नीटनेटकेपणा दिसला की माझं मन निर्धास्त होतं, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, छान झालंय.

बांधावर, कुंपणाच्या तारेपासून हाताभर अंतरावर, त्यांची बायको, तुमची सुमनआजी, हरभऱ्याचे घाटे तोडत होती. पदराच्या ओच्यात हिरवा ढीग, बांगड्यांची बारीक किणकिण, आणि दवानं अजून ओलसर राहिलेली काळी माती तिच्या अनवाणी पायांखाली.

अप्पा नेमके तेव्हाच आले. भरलेली मोटर विहिरीवर बसवायला आले होते ते. “शरणार्थी, बाई,” असा त्यांचा नेहमीचा लिंगायती नमस्कार करून माझ्याकडे हसले आणि फळीवर नजर जाताच हसू तसंच ओठांवर राहून डोळे गंभीर झाले. ते ओरडले नाहीत. डबी सदऱ्यात गेली, गुंडी लागली, डावा हात पाठीमागे गेला. उजव्या हातानं त्यांनी पिन उपटली आणि शेषरावांना खुणेनं मागं सारलं.

“आता पिन काढलीय की, अप्पा.”

“पिन काढली म्हनून मेलं न्हाई ते. कंडेन्सरच्या पोटात वीज साठून ऱ्हातीय.”

लांब लाकडी दांड्याला बांधलेली तार त्यांनी कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना टेकवली. फाडकन आवाज झाला, पांढरी जीभ क्षणभर चाटून गेली आणि खोलीत जळका, झोंबरा वास भरला. बांधावरून सुमन ओरडली, “काय फोडलं ओ?”

“पण अप्पा, मोटारसायकलच्या कॉइलची ठिणगी ह्याच्याहून लांब व्हती,” शेषराव पुटपुटले.

“लांबी मोजू नका, शेषराव. तिच्या मागं काय हुबं हाय ते बघा. ती कॉइल म्हंजी माडीवरून पडणारा एक थेंब. पडला, तुटला, मधी दम घेतला. हात तेवढ्यात मागं येतो. ह्याच्या मागं अख्खी लाइन हाय. हे धरलं की सोडत न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, आजवर ह्या डब्यात पापड भाजलात. आता जाऊबाई भाजायचा इचार व्हता काय?”

मी हसले आणि हसता हसता माझी नजर बांधावरच्या सुमनकडे गेली. तिथल्याच पेंडीच्या पोत्यावर मी बसले.

चहा घेताना अप्पांनी डावा हात पाठीमागे का ठेवायचा ते सांगितलं आणि उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. ती वाकत नसत. विशीत असताना त्यांनी ट्रकच्या कॉइलवर हजारो वेढे भरून एक भलं मोठं यंत्र बांधलं होतं, कशासाठी तर केवळ ठिणगी पाहण्यासाठी. “लई देखणी असती, बाई. देखनेपनाचाच घोटाळा हाय. मानूस बगत ऱ्हातो आन् हात कुठं हाय ते इसरतो.” हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर पश्चात्ताप नव्हता, लांब गेलेल्या सोयऱ्याचं नाव निघावं तसा एक कोवळा प्रकाश होता. मोटारसायकलची ती कॉइलसुद्धा त्यांनी काढायला लावली, घरच्या जोडणीचा भरवसा नाही म्हणून. तपासलेलं, ठरावीक अंतरानं ठोका देणारं झटका मशीन आलं, तारेवर पाटी लागली, हरभरा वाचला.

तेव्हा अन्वी, कॉइल जरूर समजून घ्या. वेढे मोजा, वही भरा, सरांच्या समोर, त्यांच्या प्रयोगशाळेत ठिणगी पाहा. घरी, एकट्यानं, मुळीच नाही.

अप्पांनी आता दुकान मोडलं आहे. ते देगलूरला लेकीकडे असतात आणि डोळ्यांना तार दिसत नाही म्हणतात. सुमनआजीनं काल मला फोन करून, लोणच्याची बरणी परत का पाठवली नाही म्हणून, अर्धा तास फैलावर घेतलं. मी तिचा चढलेला आवाज ऐकत बसले. घडून गेलेल्या गोष्टींना तारीख असते, तसबीर असते, वर्षश्राद्ध असतं; न घडलेली गोष्ट मात्र काळ कुठेच टिपून ठेवत नाही, आणि ती जाणणारी माणसं एकेक करून दूर गेली की, कुणाचं तरी साधं जगत राहणं एवढीच तिची खूण मागे उरते.