मडक्यातली बाधा

"निघाली! बाधा निघाली!" मडक्यात डोकावून जो तो ओरडत होता. पाण्यात काळपट अळ्या वळवळत होत्या.

"पाहिलंत? जिवंत बाहेर काढली!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "हट्टी बाधा! इंजेक्शनला भीक घालत नाही ती. मडकं झाकू नका, आणि डॉक्टरची सावली पडू देऊ नका."

बाधा उतरवायला म्हणून बाबांनीच चार दिवसांपूर्वी नळाचं पाणी भरून हे मडकं उघडं ठेवलं होतं. त्याच्याशेजारी शिवणवालीची सहा वर्षांची लेक चार दिवस तापाने फणफणत होती. बाबांना आणलं शिवणवालीच्या सख्ख्या दादाने. तो त्यांचा पट्टशिष्य, आणि त्याचा शब्द म्हणजे हिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ! पण आता लेक आईलाही ओळखेना. तेवढ्यात तिला झटका आला.

"आग लागो तुमच्या बाधेला!" म्हणत आईने पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला.

पोरीची मान ताठ होती. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. तपासणी आल्यावर म्हणाल्या, "मेंदूज्वर. डासातून आलेला विषाणू मेंदूत शिरलाय. त्याच्यावर खास औषध नाही, पण झटके आणि सूज आवरता येते. इतका उशीर का केलात? आणि लसही नाही?"

"दादा म्हणाला, लस टोचली की बाबा कोपतात."

नर्सताईंनी लसीची वही उघडली आणि घुटमळल्या. "बाई, तुमच्या दादाने स्वतःच्या दोन्ही मुलांना टोचून नेलंय. गेल्या वर्षीच."

तिने वही ओढून घेऊन भाच्यांची नावं शोधली. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. हा तर पाठीशी उभा राहणारा भाऊ!

पंधरा दिवसांनी ती दोन बरण्या घेऊन गल्लीत आली. दोन्हींत एकाच नळाचं पाणी. एक पहिल्या दिवसापासून फडक्याने बांधलेली, ती नितळ. दुसरी चार दिवस उघडी ठेवून मग बांधलेली. तिच्यात डास भणभणत होते.

"ही घ्या बाधा. उघड्या पाण्यात डासांनी अंडी घातली, त्यांच्या अळ्या झाल्या. म्हणून झाकू नका म्हणत होता तो भोंदू बाबा!"

बाबांनी केव्हाच काढता पाय घेतला होता. दादा मान खाली घालून पुटपुटला, "पोरांना लस दिल्याचं बाबांना कळलं असतं तर दारात उभं केलं नसतं मला, म्हणून लपवलं."

"म्हणून तुझी पोरं तेवढी पोरं?" तिचा आवाज चिरकला. "माझी वाचली रे, पण तिचा उजवा हात उचलत नाही."

मग ती लोकांकडे वळली. "पाणी झाका, साचू देऊ नका. मच्छरदाणी लावा, लस टोचून घ्या. तापात झटका आला, भान हरपलं, तर थेट दवाखाना. आणि कुणी चमत्कार सांगायला आला, अगदी सख्खा भाऊ असला, तरी आधी विचारा: तुझ्या पोरांना काय दिलंस?"