बट नंबर बेचाळीस

कुडव्यातल्या केशोराव तुरकरांच्या दिवाणाखाली चारचौघांच्या घरी असतात तशा गाद्या-गोधड्या नव्हत्या. तिथे पोलिसांच्या मोडीत निघालेल्या थ्री नॉट थ्री रायफलींचं लाकूड होतं. खांद्याला टेकवतात ते बट सात, शिवाय चामड्याचे पट्टे आणि तेलाच्या पितळी कुप्या. नळी एकही नाही, बोल्ट एकही नाही. तेवढं घरात ठेवलं तर म्हातारपणी कोठडीची हवा खावी लागेल, हे बत्तीस वर्षं वर्दी घातलेल्या हवालदाराला कोणी सांगायला नको. लाकूड मात्र भंगारात किलोवर मिळायचं आणि पेन्शनीत बसायचं.

शेजारी म्हणत, म्हाताऱ्याला नाद लागला. नाद कसला डोंबलाचा! केशोरावांना एकच बट हवा होता, बेचाळीस नंबरचा. बाकीचे सात तो शोधता शोधता गळ्यात पडलेले. त्या सातांत त्यांचा स्वतःचा एक्केचाळीसही सापडला होता, आणि तो ते दर रविवारी फडक्याने पुसत.

प्रत्येक शिपायाला आपल्या रायफलीच्या बटावरचा पांढऱ्या रंगातला नंबर पाठ असावा लागे. लग्नाची तारीख विसरली तरी चालायचं, बट नंबर विसरून चालायचं नाही. एक्केचाळीस केशोरावांचा, बेचाळीस सुकराम पटल्याचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघं जंगलातल्या एका चौकीवर होते. केशोराव भात रांधायचे, सुकराम दोघांच्याही रायफली पुसायचा. गोळी भरायला मागेपुढे ओढतात तो बोल्ट ज्या रायफलीचा त्याच रायफलीत बसला पाहिजे, म्हणून बोल्टवर नि रायफलीवर एकच नंबर कोरलेला असतो. तपासणीच्या आदल्या दिवशी सुकराम रायफली पुसून पाणी आणायला गेला, तेव्हा केशोरावांना वाटलं, आणखी एक हात फिरवून घ्यावा. दोन्ही बोल्ट त्यांनी एकदमच काढून पोत्यावर ठेवले आणि बसवताना याचा त्यात, त्याचा यात बसवला. रंगरूटाने केली तरी शिव्या खाव्या लागतील अशी चूक.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नंबर वाचले तेव्हा ती चूक केशोरावांच्या ध्यानात आली. "सफाई कोणी केली?" साहेबांनी विचारलं आणि सुकराम एक पाऊल पुढे आला. त्याला खरंच वाटलं, आपल्याच हातून झालं. रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या दहा चकरा, आणि हवालदारकीच्या यादीतून नाव बाद. त्याचं नाव गळालं म्हणून खालचं वर सरकलं. ते केशोरावांचं होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. भ्याले, दुसरं काही नाही.

सुकराम शिपाई म्हणूनच रिटायर झाला आणि बोदलकशाजवळच्या आपल्या गावी धान करू लागला. त्याची हवालदारकीची फीत हुकली याचं दुःख होतंच, पण केशोरावांना सलत होतं ते वेगळंच. मोटरपंपाचा साधा नटसुद्धा सुकराम आपल्या पोराकडून, ओमेशकडून, आवळून घ्यायचा. "माह्या हाताचा भरोसा नाई गा," असं म्हणून हसायचा. ते हसणं ऐकलं की केशोराव घाईघाईने काहीतरी दुसरंच बोलायला लागत.

बेचाळीस सापडला की तो सुकरामच्या हातात द्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. या ठरवण्याला आता सहा वर्षं झाली होती.

"का जी, लाकूड भेटन तवाच बोलान का?" एका सकाळी अनुसयाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "अन् नाईच भेटलं त?"

"भेटते."

"तुमी लाकूड नाई धुंडून राहिले. बाहाना धुंडून राहिले."

केशोराव ताटावरून उठले, हात धुतले आणि तिथेच उभं राहून म्हणाले, "रविवारी जातो. भेटो का नोको भेटो."

आता रविवारला तीनच दिवस उरले होते. ते गाडी काढून गोंदियात प्रफुलच्या भंगाराच्या दुकानी गेले. नवा ढीग आला होता. खालून तिसरा बट ओढला आणि नंबरावरची धूळ दोनदा पुसली. बेचाळीस. रंग उडालेला, पण चाराचं पोट नि दोनाची शेपटी जागच्या जागी. त्यांनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण बट घट्ट धरलेला त्यांचा हात प्रफुलने पाहिला होता.

"काका, ये बिक गये. ढाबेवाले को दीवार पे लगाने हैं, सातों."

"हा एक मले दे. बदल्यात माह्याकडचे सात घे."

"सात के बदले एक? सोच लो, काका."

"सोचून झालं. अठ्ठावीस वर्सं सोचूनच राहिलो."

घरी जाऊन ते पोतं भरून घेऊन आले. एकेक बट काट्यावर ठेवला. एक्केचाळीस हातात आला तेव्हा त्यांनी नंबरावरून अंगठा फिरवला. मग तोही ठेवला, बेचाळीस उचलला आणि मागे न बघता निघाले.

रविवारी सकाळी सुकराम खळ्यात तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगापाशी बसला होता. ओमेश मोटरपंप उघडून बसला होता. केशोरावांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. बट सुकरामच्या मांडीवर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोत्यापासून यादीपर्यंत. एकदाही "माफ कर" म्हणाले नाहीत, कारण तो शब्द त्यांना फारच स्वस्त वाटला.

सुकरामने बट फिरवून नंबर पाहिला.

"दोनी बोल्ट एकदमच काहाडले होते तू?"

"हव."

"पोत्यावर?"

"हव."

सुकरामने आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. राग त्याच्या मानेपर्यंत चढलेला दिसत होता. "अठ्ठावीस वर्सं गा, केशो," एवढंच तो बोलला.

केशोराव वाकले. त्यांनी बट उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि खळ्याभोवती पळायला लागले. सहासष्टाव्या वर्षी पळणं ते कसलं, पण पाय उचलून.

"काका, काय करून राहिले?" ओमेश उठला.

"तू चूप बस," सुकराम म्हणाला. "एक."

चौथ्या चकरेला धाप लागली. सातवीला उजवा गुडघा बोलू लागला. ओमेशने बापाकडे दोनदा पाहिलं, पण बाप मोजतच होता आणि केशोरावांनाही त्याने थांबायला नकोच होतं. नऊ. दहा. केशोरावांनी हात खाली घेतले.

"हात वर," सुकराम म्हणाला. "साहेबानं एक चक्कर मोजलीच नोती. मी अकरा मारलो होतो."

केशोरावांनी बट पुन्हा डोक्यावर घेतला. ते तणसाच्या ढिगाला वळसा घालत होते, तेव्हा मागून सुकरामचा आवाज आला. तो त्यांच्यासाठी नव्हता.

"ओमेश, तो पाना आन इकडं. नट मी आवळतो."

केशोरावांनी ते ऐकलं, बट होता त्याहून वर धरला आणि अकरावी चक्कर पुरी केली.