तिसऱ्या मेंबरचं तिकीट

लॉ कॉलेजात तिला सगळे तोफ म्हणायचे आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. मूट कोर्ट म्हणजे वकिलीची रंगीत तालीम. खटला खोटा, अशील खोटे, पण समोर बसलेले जज्ज चांगले मुरलेले, आणि प्रश्न विचारताना ते कुणाची गय करत नाहीत. तिथे तोफ बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसायची. काय तो आवाज, काय ते मधेच थांबणं, काय ते मान किंचित झुकवून "माय लॉर्ड" म्हणणं!

पण या तोफेत दारूगोळा भरायची मुंगी. मुंगी म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण आणि टीमची रिसर्चर. दिवसदिवस लायब्ररीत बसून जुने निकाल उपसायचे, दोन्ही बाजूंचे मुद्दे काढायचे, लेखी युक्तिवाद तयार करायचा आणि पाठ करायला तोफेच्या हातात ठेवायचा, हे तिचं काम. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की तिचेच पाय लटपटायचे, म्हणून ती स्पीकर झाली नाही. टीममधला दुसरा स्पीकर तो कोट. वडिलांचा काळा कोट घालून मिरवायचा म्हणून कोट. त्याचं या गोष्टीत फारसं काम नाही. तसं टीममध्येही नव्हतं.

यंदाची स्पर्धा मोठी होती, दूरच्या शहरात. तिथे रिसर्चरसाठी वेगळी परीक्षा होती आणि तिच्यात पहिल्या येणाऱ्याला एका नामांकित वकिलाच्या हाताखाली उमेदवारी मिळणार होती. नोटीस वाचल्यापासून मुंगीची चालच बदलली होती. घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, अशा पोरीला ते दार एरवी कोण उघडून देणार होतं? पण घोडं अडलं होतं फंडापाशी. कॉलेज फक्त दोन स्पीकरांचा खर्च करायचं. रिसर्चरने पदरमोड करून यावं, नाहीतर घरी बसून टाळ्या वाजवाव्यात, अशी पूर्वापार रीत. मुंगीचे वडील लकव्याने घरी बसलेले, पदरमोड करायला पदरात होतं काय?

"मी बोलते मॅडमशी," तोफ म्हणाली. "तुझं तिकीट घेऊनच बाहेर येते की नाही बघ."

प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये मूट सरही बसले होते. मूट सर म्हणजे स्पर्धांची तयारी करून घेणारे प्राध्यापक. मुंगी बाहेर बाकावर थांबली. त्या केबिनचं दार कधी नीट लागायचंच नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं.

"मॅडम, तिने खूप मेहनत घेतलीय," तोफ म्हणाली. "तिच्याशिवाय टीम अधुरी आहे. प्लीज, यंदा तिलाही पाठवा ना."

झालं, एवढंच बोलली. पण मॅडम मऊ मनाच्या होत्या. "फंडाची बोंब आहे गं," असं म्हणत का होईना त्यांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. काम झाल्यातच जमा होतं.

तेवढ्यात मूट सरांनी टाळी वाजवली. "हं! आता दुसरी बाजू मांड."

ही त्यांची सवय. प्रॅक्टिसला कुणी एका बाजूने रंगात आलं की टाळी वाजवायचे आणि उलट बाजू मांडायला लावायचे. मूटमध्ये दोन्ही बाजूंनी लढावं लागतं, त्याची ती तालीम. इथे त्यांनी गंमत म्हणून केलं. मॅडमही हसल्या. "ऐकू दे तरी मला, एवढं नाव झालंय हिचं."

बस्स, हरभऱ्याच्या झाडावर चढायला तोफेला एवढं पुरलं. ती उठून उभी राहिली, ओढणी सारखी केली.

"माय लॉर्ड," ती म्हणाली, आणि सर खूश होऊन मागे रेलले. "पहिला मुद्दा. नियमाप्रमाणे दोघांचीही टीम चालते. दुसरा मुद्दा. लेखी युक्तिवाद पाठवून झालाय, म्हणजे रिसर्चरचं काम संपलंय. संपलेल्या कामासाठी फंड का खर्चावा? आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा. तिच्या स्वतःच्या हिताचं काय? तिच्या वडिलांचं अर्धं अंग गेलंय. रात्री एकटे उठले की पडतात. मागे पडले तेव्हा तिला उचलवेनात, ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसून रडत राहिली. अनोळखी माणसांत तिची वाचा बसते, परीक्षेच्या हॉलमध्ये हात थरथरतात. हे तिनेच मला सांगितलंय. अशा मुलीला घरापासून इतकं लांब नेणं हे उपकार नव्हेत माय लॉर्ड, हा तिचा छळ आहे."

"वा!" सर म्हणाले.

मॅडम मात्र हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, हे मला कुणी सांगितलंच नाही. आजारी बापाला टाकून पोरगी कशी जाईल? बरं झालं बोललीस."

"मॅडम, हे आपलं... सर म्हणाले म्हणून..."

"पण यातलं खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. फक्त मुंगीची मावशी तेवढे दिवस वडिलांजवळ राहायला येणार होती, सगळं ठरलं होतं, आणि तेही तोफेला मुंगीनेच आनंदाने सांगितलं होतं. आपल्या विरोधात जाणारी गोष्ट जज्जापासून लपवायची नाही, हा मूटचा पहिला धडा. "मावशी येणार आहे" एवढंच म्हणायचं होतं. अगं बये, उघड ना तोंड! पण नाही. सरांचा "वा" अजून कानात होता आणि आता माघार घेतली तर ते सगळं भाषण पोरखेळ ठरलं असतं. तोफ खाली बसली. मॅडमनी कागदावर दोन नावं लिहिली आणि सही केली.

बाहेर मुंगी बाकावर तशीच बसलेली होती. तिने सगळं ऐकलंय का, हे विचारायची गरजच नव्हती.

"अगं, सरांनी गंमत म्हणून सांगितलं," तोफ घाईघाईने म्हणाली. "तुला माहितीये ना त्यांची खोड. मी आपलं सुचेल ते ठोकून दिलं."

"तुला सुचेल ते बोलता येत नाही," मुंगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दोन वर्षं मी तुला मुद्दे लिहून देतेय. एक प्रश्न वेगळा आला की तू माझ्याकडे बघतेस. माझ्या बाजूने बोललीस त्यात एक तरी मुद्दा होता का? आणि विरोधातले कसे ओळीने आले. तयारी कधी केलीस?"

तोफेला म्हणायचं होतं की छे, कसली तयारी! पण तयारी होती. नोटीस लागल्यापासून ते मुद्दे तिच्या मनात घोळत होते. आपल्याच शहरात झालेल्या गेल्या स्पर्धेत बक्षीस तिला मिळालं होतं, पण समारंभ संपल्यावर जज्ज खाली उतरले ते थेट मुंगीकडे गेले. "हे लिहिलंय कुणी?" म्हणून कितीतरी वेळ तिच्याशीच बोलत बसले, आणि ही करंडक धरून बाजूला उभी. तेव्हापासून आत कुठेतरी तिला वाटत होतं की मुंगीने यंदा येऊच नये. हे तिने स्वतःलाही कधी कबूल केलं नव्हतं. आणि मैत्रिणीने ते एका प्रश्नात बाहेर काढलं. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

मुंगीने बॅग खांद्याला लावली. "वडिलांचं फरशीवरचं नको होतं सांगायला," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तोफ सकाळीच मॅडमकडे गेली. मावशीचं सांगितलं, मी लपवलं हेही सांगितलं. सांगताना मान वर करवत नव्हती. मॅडम हळहळल्या, पण स्पर्धेला नावं कालच गेली होती आणि एकदा गेलेली नावं बदलत नाहीत. मूट सर जिन्यात भेटले. "काल काय बोललीस गं! मोठी वकील होणार तू," असं म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली. मुस्काटात बसावी तसं तिला ते लागलं. मग ती कोटाकडे गेली, मला जायचंच नाही म्हणाली. तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? तू नाहीस तर टीम रद्द. मग तिने लिहिलेलंही कुणी वाचणार नाही." कधी नव्हे तो कोट बरोबर बोलला होता.

शेवटी ती मुंगीच्या घरी गेली. पाय धरीन, पण माफी मागीन, असं तिने ठरवलं होतं. दारातच म्हणायचं, काकांसमोर, म्हणजे तिच्या वडिलांसमोर म्हणायचं, चोरून नाही. जिना चढताना तिने कुठलंही वाक्य जुळवलं नाही. जुळवलेल्या वाक्यांची तिला शिसारी आली होती.

दार उघडंच होतं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मुंगी आत स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. तोफेला बघून काकांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"ये पोरी, बस," ते म्हणाले. लकव्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ढकलल्यासारखा यायचा. "मला तुझ्याशी बोलायचंच होतं."

"काका, मलाच आधी..."

"नाही, ऐक. काल आली आणि म्हणाली, मी जात नाही. मॅडम पाठवायला तयार होत्या, मीच नको म्हटलं. का, तर म्हणे तुम्हाला सोडून माझा जीव तिथे लागणार नाही." ते थांबले, त्यांना धाप लागली. "मी किती सांगितलं, मावशी येतेय, तू जा. ऐकेना. तू एवढी तिच्यासाठी भांडलीस कॉलेजात, आणि माझ्यापायी सगळं वाया गेलं."

तोफेने वर पाहिलं. मुंगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हात ओले. तिने मान हलवली. अगदी थोडी, वडिलांना दिसणार नाही एवढी. नको.

तोफेला कळलं. काकांना खरं सांगितलं तर त्यांच्या पडण्याची गोष्ट मॅडमच्या केबिनमध्ये पुरावा म्हणून मांडली, हेही सांगावं लागणार. मुंगी खोटं बोलली होती ते हिला वाचवायला नव्हे, बापाची अब्रू राखायला. आणि ती अब्रू राखायची तर हिने माफी मागायचीच नाही.

"पोरी, म्हाताऱ्याला माफ कर," काका म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी आपला निर्जीव उजवा हात उचलला, छातीशी आणला आणि कसेबसे दोन्ही हात तिच्यापुढे जोडले.

तोफेचे डोळे भरून आले, पण रडायचा हक्कही आपल्याला नाही, असं तिला वाटलं. मुंगी दारातून तिच्याकडे बघत होती.

"असू द्या काका," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी."